धोकटी आणि खुर्ची

आंबोलीच्या डोंगरात उगम पावलेली हिरण्यकेशी नदी आजरा आणि गडहिंग्लज ही गावे मागे टाकून संकेश्वराच्या बाजूने बेळगाव जिल्ह्यात शिरते व पुढे घटप्रभेस मिळते. राज्यांच्या सीमा नदीला ठाऊक नसतात. तिच्या नावाचा अर्थ ‘सोन्याच्या केसांची’ असा होतो. परंतु ह्याच नदीच्या आसमंतात, उत्तरेस निपाणी आणि दक्षिणेस बेळगाव अशा टापूत, माणसांच्या केसांवर ज्यांचा चरितार्थ पिढ्यान्‌पिढ्या चालला त्या कारागिरांचा इतिहास कोणी सोन्याच्या अक्षरांनी लिहून ठेवलेला नाही. राजांच्या बखरी झाल्या, संतांची चरित्रे झाली, किल्ल्यांच्या कैफियती झाल्या. न्हाव्याच्या धोकटीची बखर तेवढी राहून गेली.

आज बेळगावच्या कोणत्याही हमरस्त्याने चालत गेले तरी सलूनच्या आणि ब्यूटी पार्लरच्या पाट्या हटकून दिसतात. काचेची दारे, फिरत्या खुर्च्या, भिंतभर आरसे, आत शिकाऊ मुलेमुली, असा थाट असतो. ह्या धंद्यात शिरणारी तरुण मुलगी भांडवलाचा, भाड्याचा आणि गिऱ्हाइकाचा विचार करते. जातीचा विचार तिच्या मनात येतोच असे नाही. ही गोष्ट आज अगदी साधी वाटते. परंतु ती साधी होण्यास शंभरावर वर्षे लागली आहेत. ह्या कामाचा मोबदला कोणत्या रूपाने मिळावा, ते कोणासाठी करावे आणि ते कोणी करावे, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे बदलत गेली तेव्हाच गावकीच्या चाकरीचा धंदा झाला.

सीमाभागात ह्या व्यवसायाला दोन संतांचा वारसा आहे. मराठी मुलखातील नाभिक समाज संत सेना महाराजांना आपले दैवत मानतो. सेना महाराज पूजेत मग्न असता बादशहाचे बोलावणे आले आणि प्रत्यक्ष पांडुरंगाने सेनाचे रूप घेऊन, धोकटी काखेला मारून, बादशहाची सेवा केली, ही कथा महिपतीच्या ‘भक्तिविजया’मुळे घरोघर पोहोचली. सेना यांच्या नावाचे एक पद शिखांच्या गुरुग्रंथसाहिबातही समाविष्ट आहे. कन्नड मुलखात हेच स्थान हडपद अप्पण्णा यांना आहे. बाराव्या शतकात कल्याण येथे बसवेश्वरांच्या निकट वावरलेले हे शरण. ‘हडप’ म्हणजे तांबुलाची पिशवी. ती सांभाळणारा तो हडपद. अप्पण्णा आणि त्यांची पत्नी लिंगम्मा ह्या दोघांचीही वचने उपलब्ध आहेत. प्रामाणिक श्रम हीच उपासना, असा बसवेश्वरांच्या कायक-सिद्धांताचा मथितार्थ आहे. एका परंपरेत देवच धोकटी उचलतो, दुसरीत श्रम हाच देव होतो. बेळगावकडील कारागिराच्या एका कानावर अभंग पडत आला आणि दुसऱ्या कानावर वचन. दोन्हीकडून त्याला एकच गोष्ट सांगितली जात होती, की हातातील काम हलके नाही.

गावाचा व्यवहार मात्र वेगळे सांगत होता. मराठी गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. कन्नड गावांतही ह्याच धर्तीची आयगारांची व्यवस्था होती आणि तीतही न्हाव्याचा समावेश होता. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गाव-गाडा’ ह्या ग्रंथात बलुतेदारीचे सविस्तर वर्णन केले आहे. वर्षभर काम करावे आणि सुगीच्या दिवसांत कुणब्याच्या खळ्यावर जाऊन धान्याचा ठरीव वाटा घ्यावा, असा तो करार. न्हाव्याचे काम केवळ श्मश्रूपुरते नसे. बाळाचे जावळ काढणे, लग्नात नवरदेवाची सेवा करणे, रात्री मशाल धरणे, गावात आलेल्या अंमलदाराचे अंग रगडणे, निरोप पोहोचवणे अशी नाना कामे त्याच्या वाट्याला येत. बलुत्याने पोटाची हमी दिली, पण त्याबरोबर हातही बांधून टाकला. धान्य सर्व गावाकडून येत असल्यामुळे गावाच्या मर्जीबाहेर पाऊल टाकणे न्हाव्याला परवडत नसे. चांगले काम केले म्हणून वाटा वाढत नसे. आणि पाटलाला ‘आज सवड नाही’ असे म्हणण्याची सोय नसे.

तरीही ह्या माणसाजवळ एक भांडवल होते. ते म्हणजे विश्वास. उघड्या वस्तऱ्यापुढे गळा देऊन डोळे मिटून बसणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांवर चालून आलेल्या सय्यद बंडाचा हात कलम करणारा जिवा महाला आणि १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात महाराजांचा वेष घेऊन शत्रूच्या गोटात गेलेला शिवा काशीद, हे दोघेही परंपरेनुसार नाभिक समाजातील. पन्हाळा तर निपाणीपासून फार दूर नाही. राजाच्या निकट ज्यास जाता येते त्याच्या अंगी कोणत्या दर्जाची निष्ठा असावी लागते, हे ह्या दोन नावांवरून कळते.

विश्वासाच्या जोडीला कौशल्य होते. ‘हजाम’ हा शब्द अरबी भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ तुंबडी लावून रक्त काढणारा असा आहे. गळवे फोडणे, रक्त काढणे, मोडलेले हाड बसवणे ही कामे अनेक देशांत न्हाव्यांकडे होती. लंडनमध्ये न्हावी आणि शस्त्रवैद्य ह्यांची १५४० साली एकच संघटना करण्यात आली होती. ती १७४५ साली विभक्त झाली. तिकडे शस्त्रवैद्याचा पुढे प्रतिष्ठित डॉक्टर झाला आणि न्हावी मागे राहिला. इकडे तर ही वाटणी झाल्याचीही कोठे नोंद नाही. न्हाव्याच्या हातातील वैद्यकी केव्हा सुटली हे त्याचे त्यालाही कळले नाही.

गावाने न्हाव्याच्या हातून दोन अन्याय करवून घेतले, हे ह्या इतिहासातील कडू सत्य आहे. पहिला अन्याय नकाराचा. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या डोक्याला न्हाव्याने हात लावू नये, असा गावाचा दंडक होता. न्हावी स्वतः उतरंडीत खालच्याच पायरीवर उभा होता, परंतु त्याच्याही खाली कोणीतरी असावे अशी त्या उतरंडीची रचना होती. दुसरा अन्याय सक्तीचा. ब्राह्मणांत आणि इतर काही वरिष्ठ मानलेल्या जातींत पती निधन पावताच स्त्रीचे केशवपन करीत. कित्येकदा ती कोवळ्या वयाची पोर असे. तिच्या रडण्याकडे घरातील वडीलधारे पाठ फिरवीत आणि वस्तरा चालवण्यासाठी न्हाव्याला बोलावून आणीत. ज्याला ‘हो’ म्हणायचे होते त्याला ‘नाही’ म्हणावे लागे, आणि ‘नाही’ म्हणायचे होते तेथे वस्तरा चालवावा लागे.

ह्या सक्तीविरुद्ध पुण्यामुंबईच्या सुधारकांनी लेखणी उचलली. गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८८ साली सुरू झालेल्या ‘सुधारका’तून केशवपनाच्या रूढीवर प्रखर हल्ला चढवला. परंतु ह्या प्रश्नातील सर्वांत उत्तम युक्तिवाद विद्वानांच्या लेखणीतून आला नाही. तो वस्तरा धरणाऱ्यांच्या हातून आला. १८९० साली मुंबईत सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’ पत्राचे चालक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली. शेकडो न्हावी जमले आणि ह्यापुढे विधवांचे केशवपन करावयाचे नाही, असा त्यांनी निर्धार केला. ह्या सभेची वार्ता इंग्लंडपर्यंत गेली. ह्या ठरावात कारागिरांनी स्वतःच्या मिळकतीवर पाणी सोडले होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. विधवेचे वपन एकदा करून भागत नसे. ते वारंवार करावे लागे आणि त्याचा मोबदला मिळत असे. तो नाकारताना न्हाव्यांनी एक तत्त्व प्रस्थापित केले: हात आपला आहे, तेव्हा तो कोठे चालवावा हे ठरवण्याचा अधिकारही आपला आहे. धंद्याची प्रतिष्ठा येथून सुरू होते.

अशी सभा मुंबईत भरू शकली ह्याचे कारण मुंबईचा न्हावी खळ्यावरच्या धान्यावर अवलंबून नव्हता. त्याला रोख पैसा मिळत होता. सीमाभागात ही रोख दोन वाटांनी आली. एक वाट बेळगावच्या छावणीतून आली. १८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला आणि पुढे तेथे मोठी लष्करी छावणी वसली. १९२२ पासून मराठा पलटणींचे प्रशिक्षण केंद्रही बेळगावात आहे. पलटण म्हटली की शिस्तीचे केस आणि रोजची दाढी आली. पलटणीबरोबर न्हावी आला आणि त्याला मोबदला नाण्यात मिळू लागला. दुसरी वाट निपाणीच्या बाजारपेठेतून आली. पुणे-बंगळूर रस्त्यावरील हे तंबाखूचे मोठे ठाणे. व्यापारी, अडते, हमाल, गाडीवान आणि वखारीतील मजूर अशा परगावच्या माणसांची तेथे वर्दळ. परगावचा माणूस बलुते घालू शकत नाही. तो पैसे टाकतो, दाढी करून घेतो आणि निघून जातो. अशा गिऱ्हाइकासाठी न्हाव्याला घरोघर हिंडण्याचे कारण उरले नाही. तो एका जागी बसला. आधी झाडाखाली, मग दुकानाच्या कडेला, मग स्वतःच्या चार भिंतींत. आरसा भिंतीला लागला, पाटाच्या जागी खुर्ची आली आणि दारावर ‘केशकर्तनालय’ अशी भारदस्त पाटी झळकली.

पाटावरून खुर्चीवर येणे म्हणजे नुसता बैठकीतील बदल नव्हे. धोकटी घेऊन हिंडणारा न्हावी गिऱ्हाइकाच्या ओसरीवर जाई. तेथे घरधनी यजमान आणि हा सेवक. दुकानात आलेला गिऱ्हाईक न्हाव्याच्या छपराखाली येतो, आपली पाळी येईपर्यंत थांबतो आणि भिंतीवर लावलेल्या दराप्रमाणे पैसे देतो. वाट पाहण्याचे काम आता गिऱ्हाइकाकडे गेले. दरपत्रक लहानसे असले तरी तो एक जाहीरनामाच होता.

त्याच सुमारास अमेरिकेत एका माणसाने जगभरच्या न्हाव्यांपुढे नवे संकट उभे केले. किंग जिलेट याने पाते बदलता येणारा सुरक्षित वस्तरा बाजारात आणला. १९०३ साली त्याचे अवघे ५१ वस्तरे खपले. पुढच्याच वर्षी हा आकडा नव्वद हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना असे वस्तरे सरसकट वाटण्यात आले आणि घरी दाढी करण्याची सवय त्यांच्याबरोबर गावोगाव परतली. हळूहळू ती हिंदुस्थानातील शिकलेल्या वर्गातही शिरली. रोजच्या दाढीचे उत्पन्न घटू लागले. परंतु स्वतःचे केस स्वतः कापणे काही सोपे नाही. न्हाव्याने वस्तऱ्यावरचा भर कमी करून कात्रीवर वाढवला. शेंडी ठेवून डोके भादरण्याच्या जागी भांग पाडण्याजोगे केस राखण्याची रीत आली, तीही त्याच्या पथ्यावर पडली.

मोबदल्याचा प्रश्न असा सुटत चालला. दुसरा प्रश्न उरला होता: खुर्चीवर कोणी बसावे? ह्या बाबतीत निपाणीचा परिसर महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या सामाजिक इतिहासात मोलाचा आहे. जवळच्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी दुकानाचे महत्त्व अचूक ओळखले होते. गंगाराम कांबळे ह्या अस्पृश्य गणलेल्या गृहस्थास त्यांनी चहाचे दुकान काढण्यास साहाय्य केले आणि स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेतला. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतील माणगाव येथे बहिष्कृतांची परिषद भरली. तिला शाहू महाराज उपस्थित होते आणि अध्यक्षस्थानी डॉ. भीमराव आंबेडकर होते. पुढे एप्रिल १९२५ मध्ये खुद्द निपाणीत बहिष्कृतांची प्रांतिक परिषद डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली झाली. त्या काळी ह्या गावांतून जमलेल्या कार्यकर्त्यांना गावचा न्हावी हात लावत नव्हता. आपल्यातीलच कोणीतरी कात्री चालवायची, असा रिवाज त्यांना पत्करावा लागे.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत नागरिकांच्या समान प्रवेशाच्या कलमावर चर्चा चालू असता ‘दुकान’ ह्या शब्दात धोब्याचे आणि न्हाव्याचे दुकान येते किंवा नाही, अशी शंका निघाली. डॉ. आंबेडकरांनी दुकान ह्या शब्दाचा व्यापक अर्थ सांगितला. सेवा मागण्यास येणाऱ्या कोणालाही ती देण्यास जो सिद्ध असतो, त्याची जागा म्हणजे दुकान, असा त्याचा आशय होता. पुढे १९५५ सालच्या अस्पृश्यताविषयक गुन्ह्यांच्या कायद्यात दुकानाच्या व्याख्येत केशकर्तनालयाचा स्पष्ट उल्लेख आला. १९७६ साली ह्याच कायद्यास नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. देशाच्या घटनाकारांना न्हाव्याच्या खुर्चीची चर्चा करावी लागली, ह्यात कमीपणा काही नव्हता. माणूस माणसाला शिवतो की नाही, ह्याची रोजची कसोटी त्या खुर्चीइतकी दुसरीकडे कोठे लागणार?

कायद्याने सर्व झाले असे मात्र नाही. खेड्यांतून नकार दीर्घकाळ टिकून राहिला. कित्येक ठिकाणी तो नकार एकट्या न्हाव्याचा नसे. त्याला पोसणाऱ्या गावाचा असे. दलिताचे केस कापले तर बाकीचे गिऱ्हाईक तुटेल, ही धास्ती त्याच्या हातात वस्तऱ्याइतकीच धारदार होती. शहरात ही धास्ती गळून पडली, कारण तेथे खुर्चीवर बसलेल्याची जात विचारण्यास कोणाला सवड नव्हती. रोकड आली म्हणून माणुसकी आली असे म्हणता येणार नाही. पण रोकड आल्यामुळे माणुसकीने वागणे परवडू लागले, एवढे मात्र खरे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव आणि निपाणी मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली, तर गडहिंग्लज आणि कागल मुंबई राज्यात राहून पुढे महाराष्ट्रात आली. मराठी भाषकांच्या मनाला हा घाव लागला आणि तो वाद पुढे न्यायालयापर्यंत गेला. एकाच धंद्यातील, कित्येकदा एकाच सोयरिकीतील माणसे दोन राज्यांच्या नियमांखाली आली. साधी सुटीच पाहावी: महाराष्ट्रातील सलून बहुधा सोमवारी बंद असतात, कर्नाटकातील मंगळवारी. इकडे नाभिक समाज म्हणावे तर तिकडे सविता समाज किंवा हडपद समाज म्हणावे. कात्रीचा आवाज दोन्हीकडे एकच.

आता तिसरा प्रश्न. हे काम कोणी करावे? त्याचे उत्तर ह्याच टापूतील एका स्त्रीने दिले. गडहिंग्लज तालुक्यातील हासूरसासगिरी गावच्या शांताबाई श्रीपती यादव यांची हकीगत पुढे देशभर वर्तमानपत्रांतून आली. वडील न्हावी, पतीही न्हावी. लग्न बाराव्या वर्षी झाले. जमिनीची भावाभावांत वाटणी होऊन एक एकरही शेत वाट्याला उरले नाही. हासूरसासगिरीत न्हावी नव्हता, म्हणून गावातील हरिभाऊ कडूकर यांनी ह्या कुटुंबाला तेथे आणून वसवले. १९८४ साली पतीचे हृदयविकाराने निधन झाले. पदरी चार मुली. थोरली आठ वर्षांची, धाकटीला वर्षही पुरे झालेले नव्हते. शांताबाई शेतमजुरीला जाऊ लागल्या. दिवसाला पन्नास पैसे हाती पडत. त्यात पाच पोटे भरेनात. जगणेच नको असे त्यांना झाले.

अशा वेळी कडूकरांनी त्यांना सांगितले, की नवऱ्याची धोकटी घरात आहे, ती उचल. पुरुषाच्या गालाला बाईने हात कसा लावायचा? गाव काय म्हणेल? कडूकरांनी ह्या प्रश्नाला उत्तर म्हणून भाषण केले नाही. ते स्वतः पहिले गिऱ्हाईक होऊन पुढ्यात बसले. गाव हसले, कुजबुजले; पण गावाला दाढीही करून घ्यायची होती. शांताबाईंनी एक रुपयात केस कापले. कडाल, हिडदुगी, नरेवाडी अशा आसपासच्या गावांत त्या पायी जात, लेकी शेजाऱ्यांच्या स्वाधीन करून. माणसे पुरेनात तेव्हा पाच रुपये घेऊन त्यांनी म्हशी भादरल्या. त्याच वर्षी ‘तरुण भारत’ पत्राने त्यांची हकीगत छापली आणि मग सत्कार होऊ लागले. ह्या मिळकतीवर त्यांनी चौघी मुलींना वाढवले आणि त्यांची लग्ने करून दिली.

त्यांच्या धैर्याचे कौतुक पुष्कळ झाले. त्यांच्या व्यवहारज्ञानाकडे कमी लक्ष गेले. त्यांनी जे केले ते धंद्याच्या कोणत्याही उत्तम पाठात बसेल. गावाची नड कोणती आहे हे ओळखले, हाती असलेल्या हत्यारांनी सुरुवात केली, दर गिऱ्हाइकाला परवडेल असा ठेवला, एक गाव पुरेना तेव्हा चार गावे जोडली, आणि एक काम पुरेना तेव्हा दुसरे जोडले. आणखी एक गोष्ट आठवावी. १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी विधवेच्या डोक्यावरून वस्तरा मागे घेतला होता. चौऱ्याण्णव वर्षांनी हिरण्यकेशीच्या खोऱ्यात एका विधवेने तो वस्तरा आपल्या हाती घेतला. दोन्ही प्रसंगांत जाती वेगळ्या, रूढी वेगळ्या, परिस्थितीही वेगळी. पण वैधव्य म्हणजे जगण्याची समाप्ती, ह्या समजुतीला दोन्ही वेळी त्याच एका पात्याने छेद दिला.

शांताबाई खेड्यात पायी हिंडत होत्या तेव्हा शहरांतून स्त्रियांच्या सौंदर्यसेवेचा धंदा आकार घेत होता. त्याची पूर्वतयारी देशात आधीच झाली होती. १९५२ साली टाटांच्या उद्योगसमूहातून ‘लॅक्मे’ ही प्रसाधनांची देशी कंपनी निघाली. परदेशी प्रसाधनांवर खर्च होणारे परकीय चलन वाचावे हा हेतू त्यामागे होता. उटणे, शिकेकाई आणि मेंदी ह्यांवर भागणाऱ्या मध्यमवर्गीय घरांत क्रीम आणि पावडर शिरली. पुढे ब्यूटी पार्लर आले. न्हाव्याच्या दुकानाला वारसा होता. पार्लरला तो नव्हता. ही उणीवच त्याचे बळ ठरली. कोणत्या जातीच्या स्त्रीने हा धंदा करावा हे सांगणारा दंडक कोठे नव्हता, म्हणून सर्व जातींच्या स्त्रिया त्यात आल्या. घरातील पुढची खोली, एक पडदा, एक आरसा, एक उंच पाठीची खुर्ची आणि भुवया कोरण्यासाठी दोऱ्याचे रीळ, एवढ्यावर आरंभ होऊ शके. आधी कोणा अनुभवी बाईच्या हाताखाली वर्षभर काढायचे, मग शेजारणींपासून सुरुवात करायची, आणि नवरी सजवण्याचे पहिले काम मिळाले की लग्नसराईवर भरवसा ठेवून दुकानाचा गाळा पाहायचा, हा क्रम सर्वत्र दिसतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून सौंदर्यसेवेचा अभ्यासक्रम शिकवला जाऊ लागला, तेव्हा जे ज्ञान पूर्वी बापाकडून मुलाकडे जात होते ते प्रमाणपत्रासह कोणालाही मिळू लागले.

ह्या वाटचालीत धंद्याने नव्या जबाबदाऱ्याही पत्करल्या. एड्ससारख्या रोगाची जाणीव पसरल्यावर प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे पाते वापरण्याची रीत रूढ झाली आणि पिढीजात वस्तरा सहाणेवर घासून चामड्यावर परजण्याची विद्या मागे पडली. मार्च २०२० मध्ये साथीमुळे टाळेबंदी आली तेव्हा तर स्पर्श हाच गुन्हा ठरला. ज्या धंद्याचे सारे अस्तित्व स्पर्शावर, तो सर्वांआधी बंद झाला. कर्नाटकात सलून उघडण्यास १९ मे पासून परवानगी मिळाली. महाराष्ट्रात ती २८ जूनपासून मिळाली, आणि तीही आरंभी केस कापण्यापुरती, दाढीस मनाई. निपाणीची खुर्ची भरलेली आणि काही कोसांवर कागलची खुर्ची चाळीस दिवस रिकामी, असे दृश्य त्या उन्हाळ्यात दिसले. गाळ्याचे भाडे मात्र दोन्हीकडे चालूच होते. बलुत्याच्या काळी दुष्काळातही मूठभर धान्याचा हक्क असे. रोखीच्या धंद्याला तो आधार नसतो, हा धडा त्या दिवसांनी शिकवला. स्वातंत्र्याची ही किंमत आहे आणि ती नजरेआड करून ह्या व्यवसायाचा इतिहास पुरा होत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने पारंपरिक कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत नोंदलेल्या १८ व्यवसायांत न्हाव्याचा समावेश आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि विनातारण कर्ज, पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत, अशी तिची रूपरेषा आहे. जुन्या बलुतेदारांच्या यादीशी ह्या यादीचे साम्य सहज डोळ्यांत भरते. फरक एवढाच, की त्या यादीत नाव जन्माने लागे आणि ह्या यादीत ते अर्जाने लागते. हा फरक लहान वाटला तरी त्यासाठी १८९० च्या सभेतील न्हाव्यांनी मिळकत सोडली, निपाणीच्या परिषदेतील कार्यकर्त्यांनी अपमान गिळले आणि हासूरसासगिरीच्या शांताबाईंनी गावाचे हसे सोसले.

आज सीमाभागातील एखादी तरुणी बँकेच्या दारात कर्जाचा अर्ज घेऊन उभी राहते तेव्हा तिच्या हाती दुकानाचा आराखडा असतो. त्याच्या पाठीशी असलेला हा इतिहास तिला ठाऊक असेलच असे नाही. ठाऊक नसला तरी बिघडत नाही. तिच्या दुकानात खुर्ची एकच असावी आणि तिच्यावर बसणाऱ्याला पैशांखेरीज दुसरे काही विचारले जाऊ नये, एवढे झाले म्हणजे धोकटीपासून खुर्चीपर्यंतची वाट वाया गेली नाही असे म्हणता येईल.